काचेचं हाड

कॅन्टीनमधला वडापाव ज्या कागदात मिळतो, तो कागद कधी उजेडासमोर धरून पाहिलाय? नसेल तर आज संध्याकाळी पाहा. जिथे तेल लागलंय तिथे कागद आरपार दिसायला लागतो. मागच्या बाजूची 'भाड्याने देणे आहे'ची जाहिरात पुढच्या बाजूच्या पुढाऱ्याच्या कपाळावर उमटते. चार वर्षांत मी असे शेकडो कागद बोळा करून फेकले असतील. त्या तेलकट बोळ्यात आपला फायनल इयरचा प्रोजेक्ट दडलेला आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

प्रोजेक्ट होता हाड पारदर्शक करण्याचा. हो, हाडच. ते काचेसारखं आरपार करायचं आणि मग न कापता, मायक्रोस्कोपखाली त्याच्या आतलं सगळं तिन्ही मितींत बघायचं. घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "अरे, इंजिनिअरिंगला घातलंय ना तुला? मग हाडं कसली भिजवत बसतोस?" बाबांनी मागून विचारलं, "याला प्लेसमेंट मिळते का?" हॉस्टेलवर तर विचारूच नका. रविवारी मेसमध्ये चिकन असलं की पोरं ताट घेऊन आमच्या टेबलाशी यायची आणि "घ्या, तुमचं सॅम्पल!" म्हणून हाडं ठेवून जायची.

ग्रुपमध्ये आम्ही दोघंच, मी आणि माझा रूमी. लेझर, लेन्स, कॅमेरा, मोटर हे त्याचं खातं. केमिकलचं खातं माझं, कारण फर्स्ट इयरला अप्लाइड केमिस्ट्रीत मला बरे मार्क होते. जागा बायोटेकच्या लॅबची आणि मार्गदर्शन तिथल्या मॅडमचं.

आता हा उपद्व्याप कशासाठी, ते आधी सांगतो. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पोकळीत मज्जा असते आणि भिंतीत पेशी असतात. या पेशींना ऑस्टिओसाइट म्हणतात. त्यांची व्यवस्था थेट आपल्या हॉस्टेलसारखी आहे. प्रत्येक पेशी आपापल्या खोलीत कोंडलेली, पण खोल्याखोल्यांना जोडणारे अतिशय बारीक बोळ, आणि त्यातून सगळ्यांचं एकमेकींशी चाललेलं. हाडावर भार पडला की ती बातमी याच जाळ्यातून फिरते, आणि कुठे हाड घालायचं, कुठे काढायचं हे ठरतं.

हे बघायची जुनी रीत म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढायचं, ते मेणात बसवायचं आणि मायक्रोटोमवर पाच-पाच मायक्रॉनचे काप काढायचे. उंदराच्या मांडीचं हाड साधारण १५ मिलिमीटर लांब. म्हणजे आडवे काप काढले तर ३००० काप! एवढे कुणी बघत नाही. मधलेच चार-दोन निवडतात. इथेच घोटाळा होतो. इमारतीच्या एका मजल्याचा प्लॅन हातात दिला तर पाण्याचा पाइप नुसता एक ठिपका दिसतो. तो कुठून आला, कुठे गेला, काही कळत नाही.

असाच एक पाइप लोकांच्या नजरेतून निसटला होता. जर्मनीतल्या डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठात मॅथियास गुन्झर यांच्या गटाने उंदराच्या पायाचं हाड पारदर्शक करून पाहिलं. त्यांना हाडाच्या कडक भिंतीतून थेट आडव्या आरपार जाणाऱ्या शेकडो बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. २०१९ मध्ये त्यांनी हे काम 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या हाडात धमन्यांतून येणारं ८० टक्क्यांहून जास्त रक्त याच वाटांनी आत येतं, आणि बाहेर जाणारं ५९ टक्के रक्त याच वाटांनी जातं. हाडांचा अभ्यास शेकडो वर्षं चालू आहे, क्लॉप्टन हॅव्हर्सने हाडातल्या नळ्यांचं वर्णन केलं ते १६९१ मध्ये, आणि हा मुख्य रस्ता नीट नकाशावर आला तो २०१९ मध्ये. मॅडमनी हा पेपर आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही दोघं तिथेच गळाला लागलो.

पण हाड पारदर्शक होतं कसं? इथे वडापावचा कागद परत येतो. कागद पांढरा दिसतो तो रंगामुळे नाही. कागदाचे तंतू आणि त्यांच्यामधली हवा या दोन्हींतून प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. प्रत्येक सीमेवर तो थोडा वळतो, थोडा परततो. हजारो सीमा ओलांडता ओलांडता बिचारा कुठच्या कुठे भरकटतो. तेल हवेची जागा घेतं. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा असतो. सीमा असतात, पण प्रकाशाला त्या जाणवत नाहीत. खात्री करायची असेल तर बोरोसिलची काचकांडी मेसच्या सोयाबीन तेलात बुडवून बघा. दोघांचाही अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. बुडालेला भाग गायब! (मेसवाल्या काकांना विचारून करा. आम्ही विचारलं नव्हतं.)

हाडात हीच अडचण फार मोठी आहे. पाणी १.३३. प्रथिनं आणि चरबी १.४५ ते १.५ च्या घरात. आणि हाडाला कडकपणा देणारं खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, १.६४ च्या आसपास. त्यातून हे खनिज हाडाच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के. म्हणजे तिघं तीन सुरांत गाणार आणि प्रकाशाने त्यातून सरळ वाट काढायची! म्हणून आधी खनिज काढायचं, मग रक्ताचा रंग काढायचा, मग पाणी काढायचं, आणि शेवटी जी प्रथिनं उरतील त्यांच्याशी सूर जुळेल असा द्रव आत भरायचा.

ही कल्पना नवी नाही. लायप्झिगच्या व्हेर्नर श्पाल्टेहोल्झ या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. तो विंटरग्रीनचं तेल वापरायचा. गुडघ्याला चोळायच्या मलमाला जो वास येतो ना, तोच वास. पुढे २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेने 'क्लॅरिटी' पद्धतीने उंदराचा अख्खा मेंदू पारदर्शक केला आणि या विषयाला पुन्हा तेजी आली. मेंदू मऊ, हाड कडक. त्यामुळे हाडाचा नंबर जरा उशिरा लागला. २०१७ मध्ये कॅलटेकमधल्या व्हिव्हियाना ग्रादिनारू यांच्या गटाने 'बोन क्लॅरिटी' मांडली. हाड ठिसूळ होण्यावरच्या एका औषधाने हाड बनवणाऱ्या मूळ पेशींवर काय परिणाम होतो, हे त्यांनी काप न काढता, त्रिमितीत पेशी मोजून पाहिलं.

आमची उडी अर्थातच कोंबडीपर्यंत. त्यातही पहिला प्रयोग फसला, कारण आम्ही खरोखरच मेसमधलं हाड नेलं होतं. मॅडमनी त्यावर जांभळा टॉर्च मारला तर ते हिरवट-पिवळं चमकलं. आम्ही खूश! मॅडम म्हणाल्या, "ही हळद आहे. आणि शिजवलेल्या हाडात पेशी शोधताय? कच्चं आणा." मग सकाळी चिकन सेंटरवर जाऊन पंखातली बारीक हाडं मागितली. दुकानदार म्हणाला, "नुसती हाडं? कुत्रं पाळलंय का?"

हाड साफ करून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं, तीन तुकडे केले आणि ईडीटीएच्या ट्यूबमध्ये सोडले. ईडीटीए आठवतंय? फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल, पाण्याचा कठीणपणा, वाइन रेडपासून निळ्यापर्यंत. तेच ते. त्याचा एक रेणू कॅल्शियमचा एक आयन पकडतो. काम सभ्यपणे करतं, पेशींना धक्का लावत नाही, पण वेळ खातं. द्राव बाहेरून आत झिरपणार, त्यामुळे जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. आमच्या तुकड्यांना मॅडमनी तीन आठवडे सांगितले होते. अट एकच: एक दिवसाआड द्राव बदलायचा. रेणू कॅल्शियम पकडून बसले की नवीन पकडायला हात मोकळे राहत नाहीत. छोट्या ट्यूबमध्ये तर ते लवकरच संपतात.

भिंतीवर तक्ता लावला होता. तारीख, वेळ, सही. पहिले दहा दिवस माझ्या सह्या अगदी मोत्यासारख्या.

मग गॅदरिंग आलं.

मी एकांकिकेत होतो. रात्री दोनपर्यंत तालीम, सकाळी झोप, दुपारी पुन्हा तालीम. लॅबकडे जायचं रोज ठरवायचो. नऊ दिवस गेलो नाही. एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं आणि मी लॅबमध्ये परत गेलो तेव्हा तक्त्यावरचे चार चौकोन माझ्याकडे बघत होते. मी चारही सह्या एकदम केल्या. वेगवेगळ्या पेनांनी.

एकविसाव्या दिवशी चिमट्याने तुकडा वाकवून पाहिला. कडा मऊ, मध्ये टणक. पूर्ण झालेलं हाड रबरासारखं वाकायला हवं. रिव्ह्यूला नऊ दिवस होते. पुढच्या पायऱ्यांनाच आठवडा लागणार होता. रूमीचा सेटअप तयार होता. ग्रीन लेझर, दंडगोल लेन्सने केलेला प्रकाशाचा पातळ पडदा, त्याला काटकोनात कॅमेरा, आणि तुकडा दहा-दहा मायक्रॉन पुढे सरकवणारी मोटर. पडदा ज्या थरातून जाईल तेवढाच थर उजळतो आणि कॅमेरा तेवढाच टिपतो. म्हणजे सुरी न लावता काप. हा लाइट-शीट मायक्रोस्कोप त्याने जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या मोटरवर, रात्री जागून जुळवला होता. तो रोज विचारायचा, "हाड कधी?" मी म्हणायचो, "झालंच."

एका पुस्तकात वाचलं होतं की पाच टक्के नायट्रिक अ‍ॅसिडने हाडातलं कॅल्शियम दिवसाभरात निघतं. मॅडम त्या दिवशी बाहेरगावी होत्या. लॅबच्या मामांनी रजिस्टरमध्ये सही घेऊन बाटली दिली. "कशाला लागतंय रे?" त्यांनी विचारलं. "काचसामान धुवायला," मी म्हणालो. फ्यूम हूडमध्ये तिन्ही तुकडे अ‍ॅसिडमध्ये टाकले. एक तरी ईडीटीएत ठेवावा एवढी अक्कल सुचली नाही. बारीक बारीक बुडबुडे आले. हाडातला कार्बोनेट होता तो. मला ते बुडबुडे फार सुंदर वाटले.

दुसऱ्या दिवशी तिन्ही तुकडे रबर झाले होते. धुतले, हायड्रोजन पेरॉक्साइडने रक्ताचा तपकिरी रंग घालवला, प्रोपिडियम आयोडाइड या रंगात ठेवले. हा रंग पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो आणि हिरव्या प्रकाशात लाल चमकतो. मग चढत्या टक्क्यांचं अल्कोहोल, आणि शेवटी इथिल सिनामेट, १.५६ अपवर्तनांकाचा, दालचिनीच्या जवळपास वास येणारा द्रव. (हा फ्रिजमध्ये ठेवू नका, गोठतो. आणि प्लॅस्टिकच्या डबीत ओतू नका, डबी खातो. दोन्ही अनुभवाचे बोल.)

सकाळी झाकण उघडलं आणि क्षणभर वाटलं तुकडे चोरीला गेले. बाटली रिकामी दिसत होती! चिमट्याने चाचपल्यावर लागले. छापील कागदावर बाटली ठेवली तर हाडातून अक्षरं वाचता येत होती. मी रूमीला ओढत लॅबमध्ये आणलं. त्याने बाटली खिडकीकडे धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साल्या, तू हे खरंच केलंस." मला त्या वाक्याने जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

रिव्ह्यू झकास झाला. सगळ्या सरांनी बाटली हातात घेऊन पाहिली. स्लाइडवर लिहिलं होतं, 'ईडीटीए, २१ दिवस'. ती स्लाइड मी बनवली होती. टाळ्या पडल्या.

त्याच रात्री तुकडा लेझरसमोर ठेवला. लॅबमधले दिवे बंद. पडदा हाडातून सरळ आरपार गेला, अगदी पुस्तकात असतो तसा. स्क्रीनवर मात्र सगळीकडे सारखा मंद लालसर धूर. एकही ठिपका नाही. हजारो पेशी दिसायला हव्या होत्या, एकही नाही.

रूमी म्हणाला, "फोकस गेलाय." त्याने फोकस केला. मग म्हणाला, "फिल्टर उलटा असेल." मग पडदा जाड झाला असेल, मग लेन्स तिरकी असेल. तीन रात्री त्याने सगळा सेटअप सोडून पुन्हा जोडला. मी शेजारी बसून टॉर्च धरला. मला पहिल्याच रात्री कळलं होतं. नायट्रिकसारखं तीव्र अ‍ॅसिड खनिजाबरोबर डीएनएही तोडतं. केंद्रकं रंग पकडतच नाहीत. आमचं हाड पारदर्शक झालं होतं, पण त्यात बघण्यासारखं काही मी शिल्लक ठेवलं नव्हतं. हे मी त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर वाचलं. वाचलं ते अ‍ॅसिड टाकल्यानंतर.

मग सांगितलं का नाही? मित्रांनो, याचं चांगलंसं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्या रात्री वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या रात्री वाटलं, काल का नाही सांगितलं असं विचारेल. तिसऱ्या रात्री तर अ‍ॅसिड टाकल्यापेक्षा गप्प बसल्याचीच जास्त लाज वाटायला लागली. मामांनी एकदा लॅब बंद करताना सहज विचारलं, "काय रे, काचसामान निघालं का स्वच्छ?" मी मान डोलावली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि कुलूप लावून गेले.

चौथ्या दिवशी दुपारी रूमवर आलो तर हा कॉटवर पैसे मोजत बसलेला. म्हणाला, "लेझरची पॉवर पडलीय बहुतेक. नवीन मागवतो. या महिन्याचं मेस बिल पुढच्या महिन्यात भरू, मी बोललोय रेक्टरशी." नोटा रबर बँडमध्ये घालून तो उठला.

मी म्हणालो, "लेझर चांगला आहे."

"तुला काय माहीत?"

मग मी सगळं सांगितलं. तक्त्यावरच्या खोट्या सह्या, बाटली, बुडबुडे, स्लाइड. तो ऐकत होता. मी थांबलो तेव्हा त्याने पैसे कपाटात ठेवले आणि एकटाच मेसला गेला. चार वर्षांत पहिल्यांदा.

रात्री दिवा बंद केल्यावर अंधारातून आवाज आला, "तिन्ही टाकलेस?"

"तिन्ही."

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग तो म्हणाला, "मला वाटत होतं माझ्याच हातात दोष आहे. काल रात्री मी घरी फोन करून सांगितलं, मला हे जमत नाही म्हणून."

त्यावर काय बोलणार? मी काही बोललो नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी साडेसहाला त्याने मला हलवून उठवलं. "चिकन सेंटर किती वाजता उघडतं?"

मॅडमना सांगायला दोघंही गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "ते तुकडे कुठे आहेत?" मी म्हणालो, "फेकायचे होते." त्या म्हणाल्या, "फेकू नका. आता तुमच्याकडे दोन पद्धतींची तुलना होईल. रिपोर्टमध्ये घाला, पण खरं कारण लिहून. आणि रिव्ह्यूतली ती स्लाइड ज्यांना दाखवलीत त्यांच्यासमोरच दुरुस्त करायची." तशी केली. पुढच्या रिव्ह्यूची पहिली स्लाइड तीच होती. टाळ्या पडल्या नाहीत. एका सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी तुम्ही खोटं सांगितलं होतं?" मी "हो सर" म्हणालो. मार्कांचं विचारू नका. रूमीचे कापले नाहीत, एवढं समाधान.

दुसऱ्या फेरीचे तीन आठवडे तक्त्यावर दोघांच्या सह्या होत्या. त्याने अट घातली नव्हती. तोच रोज माझ्याबरोबर यायचा. ट्यूब बदलायला पाच मिनिटं लागतात. मग आम्ही उगाच अर्धा तास बसायचो, कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचो आणि परत यायचो. एकदा येताना मामा म्हणाले, "आता दोन-दोन माणसं लागतात होय रे एका ट्यूबला?" त्यांना सगळं ठाऊक होतं. रजिस्टर त्यांच्याच ताब्यात असतं.

एप्रिलमध्ये, सबमिशनच्या सहा दिवस आधी, नवा तुकडा लेझरसमोर ठेवला. हा तेवढा स्वच्छ झाला नव्हता. मज्जेच्या जागी किंचित तपकिरी झाक राहिली होती. दिवे घालवले. स्क्रीनवर आधी धूरच दिसला. रूमीने मोटर थोडी पुढे नेली, आणि लाल ठिपके आले. पाच, पन्नास, मोजता येणार नाहीत इतके. रांगेत, वळणं घेत, एका काळ्या नळीभोवती बसलेले. ती रक्तवाहिनीची जागा होती. मोटर दहा मायक्रॉन पुढे सरकली की नळी जराशी बाजूला जायची. रात्रभर २०० चित्रं घेतली आणि सकाळी इमेज-जे या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचून फिरवली. प्लॅनवरचा ठिपका पाइप झाला होता. बाहेरच्या भिंतीतून निघून तिरका आत मज्जेकडे जाणारा, कुठून आला आणि कुठे गेला ते स्पष्ट दाखवणारा पाइप.

आम्ही काही नवा शोध लावला नाही. आमची चित्रं एसेन किंवा कॅलटेकच्या चित्रांशेजारी ठेवली तर धुक्यात काढल्यासारखी वाटतील. पण ती खरी आहेत. त्यातला प्रत्येक ठिपका एकेकाळची एक जिवंत पेशी आहे. रूमीने त्याच सकाळी घरी फोन लावला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात गेलो.

ज्युनिअर्सपैकी कुणी हा प्रोजेक्ट पुढे नेणार असेल तर सेटअप बायोटेक लॅबच्या मागच्या टेबलावर झाकून ठेवलाय. रूमीच्या हस्ताक्षरातली अलाइनमेंटची वही ड्रॉवरमध्ये आहे. ईडीटीएचा तक्ता मी भिंतीवरच ठेवलाय, पहिला आणि दुसरा, दोन्ही. तक्त्याशेजारी दोन काचेच्या बाटल्या आहेत. एकावर लिहिलंय 'नायट्रिक, १ दिवस' आणि दुसऱ्यावर 'ईडीटीए, २१ दिवस'. लॅबमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण त्या उचलून खिडकीकडे धरतो आणि पहिलीच बाटली जास्त छान आहे म्हणतो. दिसायला आहेच ती जास्त स्वच्छ. मग मामा त्याला म्हणतात, "बाळा, दिवा घालव आणि लेझर लावून बघ."